आरंभाची जागा

पेशीतील डीएनए ही चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली एक अतिदीर्घ, विरामचिन्हे नसलेली ओळ असते, आणि तिच्यातील एखाद्या जनुकाचा उपयोग करावयाचा झाल्यास पेशीला प्रथम त्या जनुकाची नक्कल आरएनए या सजातीय रसायनाच्या रूपात उतरवून घ्यावी लागते. या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात आणि ती करणाऱ्या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, आरएनए पॉलिमरेज असे नाव आहे. क्षयरोगाच्या जिवाणूत ही ओळ सुमारे ४४ लाख अक्षरांची आणि मानवात सुमारे ३ अब्ज अक्षरांची असल्यामुळे, नक्कल कोणत्या अक्षरापासून सुरू करावयाची हा पेशीपुढील किरकोळ प्रश्न नव्हे. सुरुवात भलत्या ठिकाणी झाली तर निघणारा आरएनए एकतर निरर्थक असतो किंवा त्यातून अपुरे प्रथिन तयार होते. या प्रश्नाच्या उत्तरातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी, की अक्षरे वाचण्याचे सर्व काम ज्या विकराकडे आहे त्याला वाचन कोठून सुरू करावे हे स्वतः ओळखता येत नाही. ग्वाल्हेरात लष्करच्या खासगी बाजारात प्रथमच आलेल्या आणि केवळ घरमालकाचे आडनाव ठाऊक असलेल्या पाहुण्याने वस्तीतला कोणी माहीतगार सोबत घ्यावा आणि दारापर्यंत पोहोचल्यावर त्या माहीतगाराने आपल्या वाटेने निघून जावे, तसाच काहीसा व्यवहार येथे घडतो.

हा माहीतगार सापडला तो एका फसलेल्या वाटणाऱ्या प्रयोगातून. आरएनए पॉलिमरेजचा शोध १९६० च्या सुमारास लागला होता आणि ते अधिकाधिक शुद्ध स्वरूपात मिळवण्याचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू होते. हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड बर्जेस यांनी ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूपासून मिळवलेले हे विकर फॉस्फोसेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या स्तंभातून गाळून आणखी शुद्ध केले, तेव्हा एक विचित्र परिणाम दिसून आला: वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या डीएनएची नक्कल हे शुद्ध विकर पूर्वीप्रमाणेच करीत होते, परंतु टी-४ या विषाणूच्या डीएनएपुढे मात्र ते जवळजवळ निष्क्रिय झाले होते. स्तंभातून वेगळा पडलेला एक अंश पुन्हा मिसळताच विकराची गेलेली क्षमता परत आली. याचा उलगडा नंतर झाला. वासराचा डीएनए काढताना ठिकठिकाणी तुटलेला असतो आणि अशा तुटलेल्या टोकांपाशी पॉलिमरेज कोणाच्याही मदतीवाचून वाटेल तेथे सुरुवात करू शकते. विषाणूचा डीएनए अखंड असल्याने त्यात शिरण्यासाठी खरी सुरुवातीची जागा शोधावी लागते आणि ती शोधणारे प्रथिन स्तंभाने बाजूला काढले होते. बर्जेस आणि अँड्रू ट्रॅव्हर्स यांनी रटगर्स विद्यापीठातील जॉन डन व एकेहार्ड बाउट्झ यांच्यासह १९६९ मध्ये या प्रथिनाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याला सिग्मा घटक हे नाव मिळाले. पाठ्यपुस्तकांत सिग्माचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, हे या शोधाच्या महत्त्वाशी मुळीच सुसंगत नाही. जनुके केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प राहतात याविषयीच्या विचाराला त्या एका अंशाने मूर्त आधार दिला.

सिग्मा नेमके काय ओळखतो हे समजण्यासाठी डीएनएवरील खुणा माहीत असाव्या लागतात. ज्या अक्षरापासून आरएनए सुरू होतो त्याला पहिले स्थान मानून त्याच्या मागच्या अक्षरांना उणे अंक देण्याची पद्धत आहे. डेव्हिड प्रिब्नो यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की ई. कोलायच्या जनुकांत उणे १० च्या आसपास टी-ए-टी-ए-ए-टी या क्रमाशी मिळताजुळता सहा अक्षरांचा गट पुनःपुन्हा येतो; उणे ३५ च्या आसपास टी-टी-जी-ए-सी-ए असा दुसरा गट असतो आणि दोहोंमधील अंतर साधारण १७ अक्षरांचे असते. या संपूर्ण पट्ट्याला प्रवर्तक म्हणतात. सिग्माच्या लांबट रेणूचा एक भाग उणे ३५ च्या गटाला आणि दुसरा भाग उणे १० च्या गटाला धरतो, त्यामुळे दोन गटांतील अंतर दोन-तीन अक्षरांनी जरी बदलले तरी पकड सैल होते आणि प्रवर्तक दुबळा ठरतो. प्रत्येक जनुकाचा प्रवर्तक या आदर्श क्रमाशी तंतोतंत जुळत नाही, आणि ही उणीव नसून सोय आहे, कारण जुळणी जितकी पक्की तितके प्रतिलेखन वारंवार होते आणि जुळणीच्या कमीअधिकपणातूनच जनुकांच्या उत्पादनाचे प्रमाण ठरून जाते.

मात्र जागा ओळखणे ही अर्धीच कामगिरी होय. डीएनएचे दोन धागे एकमेकांत गुंफलेले असतात आणि अक्षरे आतल्या बाजूस वळलेली असतात, म्हणून नक्कल करण्यापूर्वी सुमारे डझनभर अक्षरांच्या लांबीत हे धागे विलग करावे लागतात. हे कामही सिग्मा करतो, आणि त्याची पद्धत २०११ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील अँड्रे फेक्लिस्टोव्ह व सेथ डार्स्ट यांनी स्फटिकरचनेतून उघड केली: उणे ११ वरील ए आणि उणे ७ वरील टी ही दोन अक्षरे साखळीबाहेर वळवून सिग्मा आपल्या पृष्ठभागावरील दोन खोलगट कप्प्यांत बसवतो, आणि अशा रीतीने अक्षरे ओळखण्याची व धागे उलगडण्याची क्रिया एकाच हालचालीत उरकते. त्यानंतर पॉलिमरेज दोन ते दहा अक्षरांचे तोकडे आरएनए तयार करून टाकून देण्याचा प्रकार अनेकदा करते, कारण सिग्माचेच एक बोटासारखे टोक आरएनए बाहेर पडण्याच्या मार्गात अडकलेले असते; आरएनए पुरेसा लांबला की हे टोक ढकलले जाते, सिग्माची पकड सुटत जाते आणि विकर एकटे पुढे निघते. मोकळा झालेला सिग्मा दुसऱ्या एखाद्या पॉलिमरेजला जोडला जाऊ शकतो.

सिग्मा एकच नसतो, यातच या व्यवस्थेची खरी शक्ती आहे. ई. कोलायमध्ये सात सिग्मा घटक आहेत. नित्याची जनुके त्यांपैकी एक सांभाळतो आणि उष्णता, नत्राची टंचाई, उपासमार अशा प्रसंगी इतर घटक पुढे येऊन त्याच पॉलिमरेजला वेगळ्या प्रवर्तकांकडे नेतात. मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूच्या एका जातीत ही संख्या साठाच्या वर जाते. विकर तेच, डीएनए तोच, आणि तरीही सोबतच्या एका प्रथिनाच्या बदलाने पेशीचा सगळा कारभार पालटतो.

क्षयरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, या बाबतीत विशेष विचारात घेण्याजोगा आहे, आणि ग्वाल्हेर परिसरातील वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. ग्वाल्हेरच्या नैर्ऋत्येकडील श्योपूर आणि दक्षिणेकडील शिवपुरी या जिल्ह्यांत राहणाऱ्या सहरिया या आदिवासी समाजात क्षयरोगाचे प्रमाण असाधारण आहे. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने श्योपूर जिल्ह्यात केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये दर लाखामागे सुमारे दीड हजार रुग्ण आढळले, तर २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत हेच प्रमाण लाखामागे ३१६ होते. या तफावतीमागे कुपोषण, कोंदट घरे आणि उपचारापर्यंत पोहोचण्यातील अंतर ही कारणे आहेत आणि कोणत्याही रेण्वीय विवेचनाने त्यांची जागा घेता कामा नये; तथापि हा जिवाणू माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून कसा राहतो, या प्रश्नाचा एक धागा प्रतिलेखनाच्या आरंभापाशी जाऊन पोहोचतो.

या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच स्ट्यूअर्ट कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात सुमारे चार हजार जनुके आणि तेरा सिग्मा घटक असल्याचे दिसून आले. आकाराने साधारण तेवढ्याच जनुकसंचाच्या ई. कोलायपेक्षा ही संख्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि तिचे कारण जिवाणूच्या जीवनक्रमात शोधता येते. तो ज्या भक्षक पेशींत राहतो त्या पेशी त्याच्यावर आम्ल, ऑक्सिजनची विघातक संयुगे आणि भूक अशी निरनिराळी शस्त्रे चालवतात, आणि प्रत्येक हल्ल्यासाठी वेगळा जनुकगट चालू करावा लागतो. उदाहरणार्थ, सिग्मा-एच हा घटक एरवी आरएसएचए नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने जखडून ठेवलेला असतो. अशा प्रथिनांना प्रतिसिग्मा म्हणतात. ऑक्सिजनच्या विघातक संयुगांचा मारा झाला की हे प्रतिसिग्मा स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन सैल पडते, सिग्मा-एच मुक्त होतो आणि पॉलिमरेजला त्या माऱ्याची भरपाई करणाऱ्या जनुकांपाशी नेऊन सोडतो. धोक्याची वर्दी देणारा रेणू आणि बंदोबस्तासाठी धावणारा रेणू यांच्यात एवढेच अंतर असते.

नित्याच्या कामाचा सिग्मा-ए मात्र अनिवार्य आहे आणि त्याच्या बाबतीत मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयजिवाणू आणि त्याचे सगोत्र, वेगळ्या वाटेने गेले आहेत. त्यांच्या डीएनएत जी आणि सी या अक्षरांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के आहे. ए-टी जोडीत दोन आणि जी-सी जोडीत तीन हायड्रोजन बंध असल्याने असे धागे विलग करणे अधिक कष्टाचे ठरते. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात अनिल त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकोबॅक्टेरियांच्या प्रवर्तकांचा जो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात उणे १० चा गट ई. कोलायसारखाच असला तरी उणे ३५ च्या ठिकाणी तसा ठरलेला क्रम नसून बरीच विविधता असल्याचे निदर्शनास आले. एका खुणेची शाश्वती नसेल तर पॉलिमरेजला तेथे स्थिर ठेवणारे आणखी कोणी हवे, आणि तसे दोन साहाय्यक पुढे सापडले: कार्ड आणि आरबीपीए. सिग्मा-ए व पॉलिमरेज यांनी उलगडलेले धागे मायकोबॅक्टेरियांत पुन्हा मिटण्याची प्रवृत्ती असते. कार्ड हे प्रथिन उघडलेल्या भागाच्या कडेला पाचरीप्रमाणे बसून ते मिटू देत नाही आणि आरबीपीए सिग्माला व डीएनएला एकाच वेळी धरून पकड घट्ट करते. ई. कोलायमध्ये यांपैकी एकही प्रथिन नाही. दशकानुदशके एकाच जिवाणूला प्रमाण मानून लिहिल्या गेलेल्या वर्णनांवर किती विसंबावे याचा विचार करावयास लावणारी ही बाब आहे.

सिग्मा-ए मधील एका अमिनो आम्लाचा बदल किती दूरगामी असू शकतो, हे गुरांच्या क्षयरोगाच्या जिवाणूवरील एका न्यूझीलंडच्या अभ्यासातून १९९५ मध्ये दिसले. रोग निर्माण करण्याची शक्ती गमावलेल्या एका वाणात सिग्मा-ए या घटकाच्या टोकाकडील भागात आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन आलेले होते आणि मूळ जनुक परत घातल्यावर ती शक्तीही परत आली. हा वाण प्रयोगशाळेत उत्तम वाढत होता. पुढील संशोधनातून कळले, की बदललेल्या जागी व्हिब-३ नावाचे एक नियामक प्रथिन सिग्माला भिडते आणि ते भिडणे थांबल्याने काही जनुकांचा आरंभच नीट होत नाही.

या जिवाणूत आरंभबिंदूच्या निवडीला आणखी एक पदर आहे. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी वाढीच्या अवस्थेतील क्षयजिवाणूचे चार हजारांहून अधिक आरंभबिंदू नोंदवले, तेव्हा सुमारे चतुर्थांश जनुकांचे आरएनए आघाडीच्या पट्ट्याशिवाय, थेट प्रथिनाच्या पहिल्या संकेतापासून सुरू होत असल्याचे आढळले. इतर बहुतेक जिवाणूंत आरएनएच्या सुरुवातीला काही अक्षरांचा असा पट्टा असतो, ज्यावर प्रथिने बनवणारे रायबोसोम आधी टेकतात. तो पट्टा नसेल तर आरंभबिंदू एक-दोन अक्षरांनी सरकण्याचीही मुभा राहत नाही, कारण आरएनएचे पहिले अक्षर आणि प्रथिनाच्या मजकुराचे पहिले अक्षर एकच असते.

क्षयरोगावरील उपचारातील मुख्य औषधांपैकी रिफॅम्पिसिन हे नेमके याच टप्प्यावर काम करते. इटलीत मिलान येथील लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत मातीतील एका जिवाणूपासून १९५७ मध्ये रिफामायसिन मिळवण्यात आले आणि त्यात रासायनिक फेरफार करून १९६० च्या दशकाच्या मध्यास रिफॅम्पिसिन तयार झाले. हे औषध सिग्माला आरंभाची जागा शोधू देते, धागे उलगडू देते आणि पहिली दोन-तीन अक्षरे जोडूही देते. परंतु पॉलिमरेजच्या बीटा या उपघटकातील एका खळगीत ते बसलेले असते आणि ती खळगी आरएनए पुढे सरकण्याच्या वाटेवरच आहे, त्यामुळे तिसऱ्या अक्षराच्या पलीकडे साखळी वाढत नाही. २००१ मध्ये स्फटिकरचना उपलब्ध झाली आणि ही अडवणूक प्रत्यक्ष दिसली. जिवाणू रिफॅम्पिसिनला दाद देईनासा होतो तो बहुतेक वेळा या खळगीच्या भिंतीतील एखादे अमिनो आम्ल बदलल्यामुळे. प्रतिरोधी नमुन्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये हा बदल आरपीओबी जनुकाच्या केवळ ८१ अक्षरांच्या पट्ट्यात आढळतो. जिल्हा क्षयरोग केंद्रांत थुंकीच्या नमुन्यावर होणारी सीबीनाट ही चाचणी दोन तासांच्या आत प्रतिरोधाविषयी सांगू शकते याचे कारण हेच, की तिला ४४ लाख अक्षरे तपासावी लागत नाहीत, ८१ पुरतात.

ग्वाल्हेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर, आग्र्यात, जालमा ही कुष्ठरोग व तत्सम मायकोबॅक्टेरियल रोगांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि कुष्ठरोगाचा जिवाणू क्षयजिवाणूचा जवळचा नातेवाईक असूनही आरंभाच्या बाबतीत त्याच्या अगदी उलट टोकाला उभा आहे. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे १,६०० कामाची जनुके आणि अकराशेहून अधिक निकामी, झिजलेली जनुके सापडली. तेरांपैकी केवळ चार सिग्मा घटक त्यात शाबूत राहिले होते. मज्जातंतूंच्या आवरणपेशींत सुरक्षित राहणाऱ्या आणि अत्यंत सावकाश वाढणाऱ्या या जिवाणूला परिस्थितीच्या बदलांना तोंड देण्याचे प्रसंग कमी येत असावेत, असे अनुमान यावरून केले जाते. अनुमान पटण्यासारखे असले, तरी सिग्मा गमावल्यामुळे जनुके निकामी झाली की जनुके निकामी झाल्यामुळे सिग्मा अनावश्यक ठरले, याचा निवाडा त्यातून होत नाही.

केंद्रक असलेल्या पेशींत, म्हणजे यीस्टपासून माणसापर्यंत, सिग्मासारखा एक घटक नसून प्रथिनांचा एक मोठा समूह हे काम वाटून घेतो. त्यातील टीबीपी हे प्रथिन टाटा नावाने ओळखल्या जाणाऱ्या अक्षरगटाला खोगिराप्रमाणे बसते आणि तेथे डीएनएला तीव्र कोनात वाकवते. टीएफ-टू-बी हे प्रथिन पॉलिमरेजला त्या ठिकाणी योग्य दिशेने बसवते. या दुसऱ्या प्रथिनाच्या अधिकाराची परीक्षा रॉजर कॉर्नबर्ग यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत १९९४ मध्ये झाली. बेकरीतील यीस्टमध्ये आरंभबिंदू टाटापासून ४० ते १२० अक्षरांवर असतो, तर विखंडन यीस्टमध्ये तो सुमारे ३० अक्षरांवर असतो. पहिल्याच्या परीक्षानळीतील यंत्रणेत दुसऱ्याचे पॉलिमरेज आणि टीएफ-टू-बी घातल्यावर डीएनए पहिल्याचाच असूनही आरंभबिंदू दुसऱ्याच्या अंतरावर सरकला. म्हणजे मजकूर तोच राहून केवळ प्रथिने बदलल्याने पहिले अक्षर बदलले.

माणसाच्या बहुसंख्य प्रवर्तकांत टाटा नसतेच, आणि शिवाय डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गाठोड्यांभोवती गुंडाळलेला असतो. या प्रत्येक गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. गुंडाळलेल्या जागी यंत्रणेला बसता येत नाही, म्हणून जागा मोकळी ठेवणे हाही निवडीचाच एक प्रकार ठरतो. एनएफ-वाय हे तीन उपघटकांचे प्रथिन सी-सी-ए-ए-टी हा क्रम ओळखते आणि हा क्रम अनेक प्रवर्तकांत आरंभबिंदूच्या साठ ते शंभर अक्षरे मागे असतो. अमेरिकेतील राष्ट्रीय पर्यावरणीय आरोग्य विज्ञान संस्थेत राजा जोथी यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणमूलपेशींवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एनएफ-वायचे प्रमाण घटवले असता न्यूक्लिओसोम मोकळ्या जागेत सरकले, आणि त्यानंतर प्रतिलेखन केवळ मंदावले नाही, तर काही जनुकांत ते नेहमीच्या जागेच्या मागील, एरवी वापरात नसलेल्या बिंदूंपासून सुरू होऊ लागले. अशा आरएनएच्या सुरुवातीला नको असलेली अक्षरे जोडली जातात आणि त्यातून नीट प्रथिन बनेलच याचा भरवसा राहत नाही.

एकाच जनुकाला एकाहून अधिक प्रवर्तक असले, तर चुकीचा आरंभ आणि मुद्दाम निवडलेला दुसरा आरंभ यांतील सीमारेषा धूसर होते, आणि या प्रश्नावर पुण्यात महत्त्वाचे काम झाले आहे. संजीव गलांडे यांच्या गटाने प्रथम राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि नंतर पुण्याच्या आयसर या संस्थेत सॅटबी-१ या प्रथिनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हे प्रथिन टी-पेशींच्या, म्हणजे थायमस ग्रंथीत घडणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या, केंद्रकात डीएनएची घडी कशी पडावी हे ठरवण्यात भाग घेते. ते नसलेल्या उंदरांत टी-पेशींची घडण मध्येच अडते. २००६ मध्ये या गटाने दाखवून दिले, की सॅटबी-१ वर फॉस्फेटचा गट चढलेला असेल तेव्हा ते जनुकांना आवळून धरणाऱ्या विकराला सोबत घेते आणि तो उतरला की वेगळ्या विकराशी जोडले जाते. परंतु सॅटबी-१ स्वतः कोठून सुरू होते, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. सॅटबी-१ च्या जनुकाला अनेक प्रवर्तक असून, थायमसमधील पेशीच्या पृष्ठभागावरील टी-पेशी ग्राहीला योग्य रेणू भिडून आतपर्यंत संकेत पोहोचला की पेशी एका प्रवर्तकावरून दुसऱ्याकडे वळते. निघणाऱ्या आरएनएंचे सुरुवातीचे पट्टे वेगवेगळे असतात, पण त्यांपासून बनणारे प्रथिन तेच राहते. आरएनएच्या त्या पहिल्या पट्ट्यावर प्रथिन किती जोमाने तयार होईल हे अवलंबून असल्याने, पेशी घडणीच्या पुढल्या पायरीवर पाऊल टाकत असताना सॅटबी-१ चे प्रमाण वाढवण्यासाठी तिला जनुकाच्या मजकुरात कोणताही बदल करावा लागत नाही.